‘ऐकू येतंय का?’ – बिनतारी संदेशापासून आधारगटाच्या चॅटपर्यंत

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपतीचे विसर्जन करून गावोगावचे लोक उशिरा झोपले होते. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हादरली. लातूर जिल्ह्यातील औसा तालुक्यातले किल्लारी, शेजारच्या उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यातले सास्तूर आणि आसपासची गावे काही क्षणांत ढिगारा होऊन बसली. भूकंपाची तीव्रता सुमारे ६.२ होती. दगडमातीच्या जाड भिंती आणि त्यांवरची माळवदाची जड छपरे झोपेतल्या माणसांवर कोसळली. सुमारे ९,७०० माणसे गेली. बावन्न गावे नव्याने वसवावी लागली.

दरवर्षी सप्टेंबर संपत आला की आपल्याकडच्या शाळांत या भूकंपाची आठवण निघते. दख्खनच्या पठारासारख्या स्थिर समजल्या गेलेल्या भूभागात भूकंप कसा झाला, हे आपण भूगोलाच्या तासाला सांगतो. घरे कशी बांधावीत, हेही सांगतो. या लेखात आम्ही तिसऱ्याच एका गोष्टीकडे शिक्षकांचे लक्ष वेधू इच्छितो. ती गोष्ट म्हणजे संकटातला आवाज दुसऱ्यापर्यंत पोचतो कसा आणि पोचल्यावर पलीकडे तो ऐकणारा कोण असतो.

आज लातूर-नांदेडमधला अकरावी-बारावीचा विद्यार्थी मनावर ताण आला तर रात्री अकरा वाजता फोनवर एखाद्या आधारगटाच्या चॅटमध्ये शिरतो. त्याला तिथे कसे बसावे, काय लिहावे, काय लिहू नये हे कोणी शिकवलेले नसते. आम्हा शिक्षकांनाही ते ठाऊक नसते. या चॅटमधली प्रत्येक रीत कुठून आली ते पाहिले, तर ती शिकवणे सोपे होते. म्हणून थोडा इतिहास.

दूरध्वनी नेमका तेव्हाच का अडतो?

दूरध्वनी केंद्राची रचना एका गृहीतावर उभी असते: सगळे ग्राहक एकाच वेळी फोन उचलणार नाहीत. हजार ग्राहकांमागे एका वेळी काही मोजकीच संभाषणे चालतील, अशा हिशेबाने यंत्रणा बसवतात. रोजच्या दिवशी हा हिशेब बरोबर येतो. संकटाच्या दिवशी मात्र सगळ्यांनाच एकाच क्षणी बोलायचे असते. तारा आणि वीज शाबूत असली, तरी ओळ मिळत नाही. त्या पडल्या असतील तर प्रश्नच संपला.

हे वर्गात सहज दाखवता येते. चाळीस मुलांच्या वर्गात टेबलावर पाच खडू ठेवा. ‘ज्याच्या हातात खडू, त्यानेच बोलायचे’ असा नियम करा. आधी मुलांना वाटेल तेव्हा एकेकाने खडू घेऊ द्या. सगळे सुरळीत चालेल. मग एकदम म्हणा, ‘प्रत्येकाने आपल्या शेजाऱ्याची खुशाली विचारा!’ पस्तीस मुले हात पसरून उभी राहतील. आजच्या मोबाइल मनोऱ्यालाही हेच लागू पडते. तिथे खडू थोडे जास्त आहेत, एवढेच.

हॅम आणि त्यांची शिस्त

अशा वेळी उपयोगी पडणारी एक जुनी मंडळी म्हणजे हौशी बिनतारी संदेशक, म्हणजेच ‘हॅम’. १९९३ च्या भूकंपातही हॅम मदतीला आले होते. त्यांचे यंत्र मोटारीच्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालते. केंद्र नाही, खांब नाहीत, तारा नाहीत. दोन झाडांमध्ये बांधलेली वीस मीटर लांबीची तार हाच त्यांचा आकाशक.

ही वीस मीटर लांबी कुठून आली, ते मुलांना काढायला सांगावे. ७ मेगाहर्ट्झ या वारंवारतेची तरंगलांबी म्हणजे ३०० भागिले ७, सुमारे ४३ मीटर. तार तिच्या निम्म्याने हवी. या तरंगलांबीचे संदेश वर जाऊन आयनांबरावरून परततात आणि दिवसा काहीशे किलोमीटरच्या परिसरात ऐकू येतात. म्हणजे किल्लारीच्या माळावरून हैदराबाद किंवा पुणे गाठता येते. गावातल्या गावात बोलायला १४४ मेगाहर्ट्झ, म्हणजे सुमारे दोन मीटर तरंगलांबीचे छोटे हातसंच पुरतात.

आम्हाला यंत्रापेक्षाही महत्त्वाची वाटते ती हॅमची शिस्त. एकाच वारंवारतेवर अनेक जण असतात आणि एका वेळी एकालाच बोलता येते. दोघे एकदम बोलले तर कोणाचेच कळत नाही. म्हणून चार नियम तयार झाले. पहिला, प्रत्येकाला एक संकेतनाम असते आणि ते सांगितल्याशिवाय बोलायचे नाही. भारतातली बहुतेक नावे ‘व्हीयू’ या अक्षरांनी सुरू होतात. दुसरा, सर्वांनी ठरलेल्या वारंवारतेवर यायचे. तिसरा, बोलणे संपले की ‘ओव्हर’ म्हणायचे, म्हणजे पाळी दुसऱ्याची. चौथा, गर्दीच्या वेळी एक जण नियंत्रक होतो. कोण आधी बोलेल, कोणता संदेश तातडीचा, कोणी थांबायचे, हे तो ठरवतो. अशा वेळी त्याचा शब्द सगळे मानतात, कारण त्याने कोणाला तरी थांबवले नाही तर जखमीसाठी आलेली हाक हरवते.

यातल्या काही सवयी हॅमच्याही आधीच्या, तारयंत्राच्या आहेत. १८४४ साली मोर्सने वॉशिंग्टन ते बाल्टिमोर अशी तार पाठवली. भारतात कोलकाता ते डायमंड हार्बर ही तारेची ओळ १८५१ मध्ये सुरू झाली. ओळीवर काम नसे तेव्हा दूरदूरच्या गावांतले तारमास्तर आपसात कट्टकट्ट करून गप्पा मारत. बोटांचे श्रम वाचावेत म्हणून त्यांनी संक्षेप तयार केले. ‘७३’ म्हणजे शुभेच्छा, हा त्यांचा आकडा आजही हॅम मंडळी वापरतात. मुलांची फोनवरची तुटक भाषा पाहून आपण कपाळाला हात लावतो. पण ती खोड दीडशे वर्षांहून जुनी आहे. भारतातली तारसेवा मात्र जुलै २०१३ मध्ये बंद झाली.

गप्पा संगणकात शिरतात

१९७३ साली अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या ‘प्लेटो’ या शिक्षणासाठी बांधलेल्या संगणकजाळ्यावर डग ब्राउन आणि डेव्हिड वूली यांनी ‘टॉकोमॅटिक’ हा कार्यक्रम लिहिला. (यंत्र शिकवण्यासाठी होते, मुलांनी ते गप्पांसाठी वापरले, हे शिक्षकांना ओळखीचे वाटेल.) त्यात एका कक्षात पाच जणांना बसता येई. पडद्याचे पाच भाग असत आणि प्रत्येकाने टंकलेले अक्षर त्याच क्षणी इतरांना दिसे. लिहिणारा अडखळला, खोडू लागला, तर तेही दिसे.

२१ फेब्रुवारी १९८० रोजी कॉम्प्युसर्व्ह या अमेरिकन कंपनीने आपल्या ग्राहकांसाठी असाच एक कार्यक्रम खुला केला. सँडी ट्रेव्हर यांनी तो लिहिला होता आणि त्याचे नाव होते ‘सीबी सिम्युलेटर’. सीबी म्हणजे अमेरिकेत ट्रकचालक वापरत ती नागरी बिनतारी. तिच्यावर चाळीस वाहिन्या होत्या, म्हणून या कार्यक्रमातही चाळीस ठेवल्या. चालक टोपणनावाने बोलत, म्हणून इथेही टोपणनावे आली. चॅटमधली ‘वाहिनी’ म्हणजे ‘चॅनेल’ हा शब्द अशा रीतीने बिनतारीतून आला.

ऑगस्ट १९८८ मध्ये फिनलंडमधील औलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेन यांनी ‘आयआरसी’ ही पद्धत तयार केली. तिच्यात अनेक संगणक एकमेकांना जोडलेले असत आणि एका ठिकाणी लिहिलेली ओळ सर्वांकडे पोचे. १९९१ च्या आखाती युद्धात आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मॉस्कोत झालेल्या उठावाच्या दिवसांत लोक या मार्गाने बातम्या कळवत होते. या पद्धतीचे नियम मे १९९३ मध्ये लिखित स्वरूपात प्रसिद्ध झाले, म्हणजे किल्लारीच्या भूकंपाआधी चार महिने! भारतात सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सेवा सुरू झाली ती १५ ऑगस्ट १९९५ रोजी, तीही आधी महानगरांत. लातूर-नांदेडला ती यायला पुढे आणखी काही वर्षे लागली.

आयआरसीमध्ये हॅमचे चारही नियम दिसतात. संकेतनामाच्या जागी टोपणनाव, वारंवारतेच्या जागी वाहिनी, नियंत्रकाच्या जागी ‘ऑपरेटर’. धुडगूस घालणाऱ्याला बाहेर काढण्याचा अधिकार या ऑपरेटरला असे. आणि ‘ओव्हर’च्या जागी आली एन्टरची कळ. टॉकोमॅटिकमध्ये अक्षर अक्षर दिसे. इथे पूर्ण ओळ लिहून, वाचून, मग पाठवायची. हा बदल लहान दिसतो, पण घाबरलेल्या माणसाला त्यामुळे दोन क्षण मिळतात. लिहिलेले पुसता येते. आजचे बहुतेक चॅट याच घडणीचे आहेत.

ऐकणाऱ्याचा इतिहास वेगळा आहे

एवढ्याने आधारगट होत नाही. वाहिनी असली तरी तिच्यावर ऐकणारा हवा, आणि ऐकण्याची रीत यंत्रातून आलेली नाही.

१९३५ साली अमेरिकेतील ॲक्रन या गावी दारूच्या व्यसनातून बाहेर पडू पाहणारी दोन माणसे एकमेकांशी बोलली आणि ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ची सुरुवात झाली. इथे आडनाव सांगत नाहीत. उपदेश करत नाहीत. प्रत्येक जण आपलाच अनुभव सांगतो. १९५३ मध्ये लंडनमधले धर्मगुरू चॅड व्हारा यांनी आत्महत्येचे विचार येणाऱ्यांसाठी दूरध्वनी ठेवला. प्रत्यक्ष भेटायला येणाऱ्यांची रांग लागे. त्यांना चहा देण्यासाठी काही स्वयंसेवक बसत. व्हारा यांच्या असे लक्षात आले, की या साध्या माणसांशी बोलूनच अनेकांचा भार हलका होतो आणि मग आत येण्याची त्यांना गरज राहत नाही. पुढे काही महिन्यांतच त्यांनी ऐकण्याचे काम स्वयंसेवकांकडे सोपवले. त्यातून ‘समॅरिटन्स’ ही संस्था वाढली. आपल्याकडे १९८६ मध्ये पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या ‘मुक्तांगण’नेही व्यसनमुक्त झालेल्या माणसालाच दुसऱ्याचा आधार बनवले.

मराठवाड्याचे उदाहरण तर अगदी घरचे आहे. भूकंपानंतर १९९४ पासून जागतिक बँकेच्या साहाय्याने पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम चालला. ज्या गावांतली घरे पडली नव्हती पण खिळखिळी झाली होती, तिथे ती दुरुस्त करून मजबूत करायची होती. अनुदान किती, भिंतीत दगड कसे सांधायचे, अभियंत्याला काय विचारायचे, हे घराघरांत पोचत नव्हते. तेव्हा प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ या संस्थेने गावोगावच्या महिला मंडळांतून बायका निवडल्या. त्यांना ‘संवाद सहायक’ म्हणत. हजारांहून अधिक गावांत हे काम चालले. संवाद सहायक ही गावातलीच, हादरा स्वतः सोसलेली बाई. ती माहिती सांगे, तक्रार वर नेई. शेजारीण म्हणून ती ऐकतही असे. पुढे २६ जानेवारी २००१ रोजी गुजरातेत भूकंप झाला, तेव्हा लातूर-उस्मानाबादच्या बायका तिकडच्या बायकांना भेटायला गेल्या. ‘आमचंही असंच झालं होतं’ हे वाक्य त्यांच्याइतक्या अधिकाराने कोणता तज्ज्ञ म्हणू शकला असता?

आधारगटाचे मर्म या वाक्यात आहे. हॅमने आवाज पोचवला आणि संवाद सहायकाने तो ऐकला. आजच्या आधारगटाच्या चॅटमध्ये या दोन्ही परंपरा एकत्र येतात. त्यातली एक नसेल तर तो गट फसतो.

पहिले पाऊल

लातूर आणि नांदेड ही आज प्रवेशपरीक्षांच्या तयारीची गावे झाली आहेत. ‘लातूर पॅटर्न’चे नाव राज्यभर झाले. बाहेरगावची मुले खोली घेऊन, डबा लावून राहतात. घरी फोन केला तर आई-वडिलांना काळजी वाटेल आणि मित्राला सांगितले तर तो हसेल, असे त्यांना वाटते. असा विद्यार्थी आधारगटात शिरणार असेल, तर वर्गशिक्षकाने त्याला पुढील गोष्टी सांगाव्यात असे आम्हाला वाटते.

एक: टोपणनाव असे घ्यावे, की त्यातून खरे नाव, गाव, महाविद्यालय, जन्मवर्ष कळणार नाही. फोन क्रमांक आणि छायाचित्र देऊ नये. हॅमचे संकेतनाम ओळख पटवण्यासाठी असते. आधारगटातले नाव ओळख झाकण्यासाठी असते. हा फरक लक्षात ठेवावा.

दोन: आत गेल्यावर आधी गटाचे नियम वाचावेत. गट कोण चालवते, नियंत्रक कोण, तक्रार कोणाकडे करायची, हे शोधावे. ज्या गटात नियंत्रक दिसतच नाही, तिथून बाहेर पडावे.

तीन: थोडा वेळ नुसते वाचावे. हॅमही बोलण्याआधी वारंवारता ऐकून घेतो. इतर कसे बोलतात, कोणी हसते का, कोणी औषधे सुचवते का, हे दहा मिनिटांत कळते.

चार: पहिला संदेश लहान असला तरी चालतो. ‘मी नवीन आहे. आज फक्त ऐकतो’ एवढेही पुरते. सगळी कहाणी पहिल्या दिवशी सांगण्याची गरज नाही.

पाच: उत्तर लगेच आले नाही तर ते आपल्याला नाकारणे आहे, असे समजू नये. बोलताना समोरच्याची मान हललेली दिसते. चॅटमध्ये ती दिसत नाही. पलीकडचा कदाचित विचार करत असेल किंवा त्याची वीज गेली असेल. ऐकणाऱ्यानेही म्हणून ‘वाचतोय, लिहा’ असे मधूनमधून कळवावे. हेच आजचे ‘ओव्हर’.

सहा: कोणी लगेच खाजगीत बोलावले, पैसे मागितले, भेटायला ये म्हटले किंवा ‘हे कोणाला सांगू नकोस’ म्हटले, तर थांबावे आणि नियंत्रकाला कळवावे. आपले लिहिणे दुसरा कोणीही साठवून ठेवू शकतो, हे कधीही विसरू नये. आयआरसीच्या काळातही सहभागी लोक गप्पांच्या नोंदी जपून ठेवत.

मराठीत लिहिता येते का?

मुलांना ‘मी ठीक नाही’ हे आपल्या लिपीत लिहिता यावे, हीसुद्धा साधी गोष्ट नाही. परक्या भाषेत दुःख नीट सांगता येत नाही. १९९१ मध्ये देवनागरीचा युनिकोड या जागतिक संकेतात समावेश झाला. १९९२ मध्ये केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी यूटीएफ-८ ही साठवण्याची पद्धत शोधली. या पद्धतीत साध्या रोमन अक्षराला एक बाइट लागतो, तर देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला तीन. काना, वेलांटी, हलन्त ही सगळी वेगळी चिन्हे धरायची.

मुलांना मोजायला सांगा. ‘मी ठीक नाही’ यात म, वेलांटी. ठ, वेलांटी, क. न, काना, ह, वेलांटी अशी नऊ चिन्हे आहेत. नऊ गुणिले तीन म्हणजे सत्तावीस, आणि मधल्या दोन मोकळ्या जागांचे प्रत्येकी एक, असे एकोणतीस बाइट झाले. हेच रोमनमध्ये लिहिले तर बारा. आयआरसीच्या १९९३ च्या नियमांनुसार एक संदेश ५१२ बाइटांचा असे आणि त्यातले दोन ओळ संपल्याच्या खुणेसाठी जात. म्हणजे देवनागरीची फार तर १७० चिन्हे. आधीच जड झालेले मन आणि त्यात ही तोकडी ओळ! आजच्या चॅटमध्ये ही अडचण उरलेली नाही. तेव्हा मुलांनी मराठीत लिहावे, लातुरी-नांदेडी बोलीत लिहिले तरी बिघडत नाही.

चॅट कुठे अपुरे पडते?

किल्लारीच्या ढिगाऱ्याखालच्या माणसाला बिनतारीने बाहेर काढले नाही. ते काम हातांनी केले. बिनतारीने फक्त हातांना बोलावले. आधारगटाचेही तसेच आहे. समदुःखी माणूस डॉक्टर नसतो. कोणी जीव देण्याची भाषा करू लागला, तर चॅटमध्ये समजूत घालत बसू नये. १० ऑक्टोबर २०२२ पासून देशात सुरू असलेल्या टेलि-मानस या सरकारी सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. तिथे चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीतही बोलता येते. मुलांसाठी १०९८ आहे आणि तातडीच्या मदतीसाठी ११२. हे तीन क्रमांक प्रत्येक वर्गाच्या भिंतीवर लिहून ठेवावेत, अशी आमची शिक्षकांना विनंती आहे. त्यांना खर्च नाही, परवानगीही लागत नाही.

आणि एक. विद्यार्थी रात्री अकराला अनोळखी माणसांशी बोलतो, याचा अर्थ दिवसा त्याला ओळखीचे कोणी सापडले नाही. त्याला चॅटपासून परावृत्त करण्याआधी आपण स्वतःला विचारावे: मधल्या सुट्टीत आपली वारंवारता मोकळी असते का? कोणी हाक मारली, तर आपण ‘ऐकतोय, सांग’ म्हणतो का?